नकाराचं कारण कोण सांगणार?

२०१७ च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ३४ हजार २२ कोटींची कर्जमाफी, ८९ लाख शेतकरी, दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. राजकीय अंगाने त्यावर भरपूर लिहून झालंय. मला रस आहे तो एका कोरड्या प्रश्नात: कोण पात्र आणि कोण अपात्र, हे ठरणार कसं होतं? माझं पोटच त्यावर चालतं. कर्ज द्यायचं की नाही, दावा मंजूर करायचा की नाही, हे ठरवणारी सॉफ्टवेअर बांधणाऱ्या टीम मी बरीच वर्षं सांभाळतेय. आमच्या भाषेत याला ‘डिसिजन सिस्टीम’ म्हणतात, आणि मी जे करते त्या पदाला ‘प्रॉडक्ट लीडर’. या धंद्यात ‘विश्वासार्ह’ हा शब्द आम्ही फार स्वस्तात वापरतो, अशी माझी तक्रार आहे.

तर २०१७. दीड लाखाची मर्यादा माणशी नव्हती, कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं. आता राज्यातल्या कुठल्याच बँकेकडे ‘कुटुंब’ नावाची नोंद नसते. तिच्याकडे असतात खाती. म्हणजे कोण कोणाचं कोण, हे शेतकऱ्यालाच विचारणं आलं. म्हणून ऑनलाइन अर्ज आला, नवरा-बायको दोघांनी केंद्रावर जाऊन अंगठा लावणं आलं, रांगा आल्या, न चालणारा सर्व्हर आला. दुसऱ्या बाजूने बँकांकडून साठहून जास्त रकान्यांत माहिती मागवली गेली. मग या दोन ढिगांची एकमेकांशी जुळणी करायची. जी नावं जुळली ती हिरव्या यादीत, बाकीची लटकलेली. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, मुंबईत प्रमाणपत्रं वाटली गेली आणि पुढच्याच दिवसांत घोडं अडलं. बँकांच्या याद्यांमध्ये एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली, माहिती जुळत नसल्याचं सरकारलाही मान्य करावं लागलं. सरकारने बँकांकडे बोट दाखवलं, बँकांनी माहिती-तंत्रज्ञान (आयटी) खात्याकडे. शेतकऱ्याला विचाराल, तर त्याच्या हातात अर्जाची एक पावती होती आणि ती घेऊन जायचं कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

अडीच वर्षांनी दुसरं सरकार आलं, दुसरी कर्जमाफी आली. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, डिसेंबर २०१९. मर्यादा दोन लाख. पण या वेळी कुटुंबाची भानगडच ठेवली नाही. निकष वैयक्तिक शेतकरी. अर्ज नाही. बँकेने तिच्याकडे असलेल्या खात्यांची माहिती चढवायची, त्यातून यादी निघायची, आणि ती यादी गावात चावडीवर, बँकेच्या शाखेत लागायची. नावापुढे एक विशिष्ट क्रमांक आणि रक्कम. शेतकऱ्याने तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रावर जायचं. समोर पडद्यावर त्याच्या कर्जाची रक्कम दिसणार. रक्कम मान्य असेल तर तसं सांगायचं, की पैसे खात्यात. मान्य नसेल तर ‘अमान्य’ म्हणायचं, की तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. आधार क्रमांकच चुकला असेल तर तहसीलदारांकडे. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली ती फक्त ६८ गावांची, १५ हजार ३५८ जणांची. आधी थोड्या गावांत करून बघा, मग राज्यभर जा, एवढं शहाणपण त्यात होतं.

ही योजना निर्दोष होती असं मी म्हणत नाही. दोन लाखांच्या वर थकबाकी असलेले सरळ बाहेर राहिले, बोटांचे ठसे उठेनात म्हणून म्हाताऱ्यांचे हाल झाले, आणि महिनाभरात लॉकडाऊनने सगळंच थांबलं. दोन सरकारांमध्ये कोण बरं, हाही माझा मुद्दा नाही. दुसऱ्याला पहिल्याच्या ठेचेचा फायदा मिळाला. मुद्दा त्या ‘अमान्य’चा आहे. दुसऱ्या योजनेत यंत्रणेने गृहीत धरलं होतं की ती चुकू शकते, आणि चुकली तर माणसाने काय म्हणायचं, ते कोणाच्या टेबलावर जाणार, हे आधीच लिहून ठेवलं होतं. पहिल्या योजनेत यंत्रणा चुकण्याची सोयच नव्हती. त्यामुळे ती चुकली तेव्हा सगळे रस्त्यावर आले.

निर्णय घेणारी यंत्रणा विश्वासार्ह आहे की नाही, हे तिने किती निर्णय बरोबर घेतले यावर ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते ठरतं ज्याला ‘नाही’ म्हटलं गेलं त्याच्याकडे बघून. त्याला कारण कळलं का? कारण चुकीचं असेल तर ते खोडायला त्याला जागा आहे का? आणि खोडल्यावर निकाल बदलायचा अधिकार असलेला माणूस पलीकडे बसलाय का? या तीनपैकी एकही नसेल, तर तुमचं मॉडेल, म्हणजे निर्णय देणारं सॉफ्टवेअर, शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर असलं तरी त्या शंभराव्या माणसाच्या दृष्टीने तो नुसता एक बंद पडदा आहे.

आमच्या धंद्यात मात्र सगळी चर्चा त्या नव्व्याण्णवांवर चालते.

हा शंभरावा माणूस येतो कुठून, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. नावाचंच घ्या. अर्जदाराचं पॅनवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळतं का, हे तपासणारा एक तुकडा जवळजवळ प्रत्येक कर्जाच्या यंत्रणेत असतो. तो शंभरपैकी गुण देतो, ठरावीक गुणांच्या खाली गेलात की अर्ज अडतो. आता एखादी सुनीता घ्या. शाळेच्या दाखल्यावर ती ‘शिंदे सुनीता मारुती’, आडनाव आधी. त्याच दाखल्यावरून पॅन काढलं. लग्न झालं, आधार झालं ‘सुनीता दत्तात्रय जाधव’. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव तर बदलतंच, मधलं नावही बदलतं. तीनपैकी दोन शब्द गेले. खातं उघडताना बँकेतल्या बाईंनी इंग्रजीत दत्तात्रयचं स्पेलिंग तिसऱ्याच पद्धतीने घातलं. यंत्राच्या हिशेबाने या तीन वेगवेगळ्या बायका आहेत. हा तुकडा बांधणाऱ्याच्या मनात स्त्रियांबद्दल काडीचाही आकस नसतो. त्याने पहिलं नाव आणि आडनाव एवढंच धरून नियम लिहिला, चाचणीला दहा-वीस हजार नावं घेतली, एकूण निकाल छान आला. पण अडलेल्या अर्जांचा ढीग वेगळा काढून त्यात लग्न झालेल्या बायका किती, हे कोणी मोजलं नाही, कारण मोजायला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि सुनीताला काय दिसतं? ‘क्षमस्व, तुमचा अर्ज आमच्या अंतर्गत निकषांत बसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करा.’ सहा महिन्यांनी तिचं नाव बदलणार आहे का? ती समजते की आपल्या पिठाच्या गिरणीचं उत्पन्न कमी पडलं. नवऱ्याला सांगते, तुमच्या नावावर बघा.

हे वाक्य कसं जन्माला येतं, तेही सांगते. मंजुरीच्या पडद्यावर महिना-महिना खल होतो: रंग कुठला, फुगे उडवायचे का, ‘अभिनंदन’ वर की खाली. नकाराचं वाक्य लाँचच्या आदल्या संध्याकाळी लिहिलं जातं. कोणीतरी ज्युनियर डिझायनर विचारते, इथे काय लिहू? रिस्कवाले, म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका बघणारे, म्हणतात, कारण सांगू नका, लोक पळवाट शोधतील. लीगलवाले म्हणतात, जितकं कमी लिहाल तितकं बरं. मार्केटिंगला फक्त ‘क्षमस्व’ हवं असतं. मग सगळ्यांना चालेल असं एक वाक्य उरतं, ज्यात काहीच नसतं. ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, आणि रोज सर्वांत जास्त माणसं तेच वाक्य वाचत असतात.

गंमत म्हणजे कारण सांगा, हा नियम जुनाच आहे. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बँकांना सांगितलं की दोन लाखांपर्यंतच्या कर्जाचा अर्ज नाकारलात तर मुख्य कारण लेखी कळवा. २००७ मध्ये ती मर्यादाही काढली: कर्ज कुठलंही असो, रक्कम कितीही असो, क्रेडिट कार्डचा अर्ज असला तरी, कारण लेखी द्या. सरकारी कामात माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४(१)(घ) आहे. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणं द्यायची, त्याने अर्ज करायचीही वाट बघायची नाही. महाराष्ट्रात तर केंद्राच्या आधी, २००२ पासून, माहितीचा कायदा होता. त्यासाठी उपोषणं झाली. एवढं सगळं असून ‘अंतर्गत निकष’ हे कारण म्हणून खपतं, कारण ते लिहिणाऱ्याला जाब विचारला जात नाही.

जाब न विचारता ही गाडी किती लांब जाऊ शकते, त्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथे सरकारी भत्ता घेणाऱ्यांनी दर पंधरवड्याला आपली कमाई कळवायची असते. २०१५ नंतर सरकारने ही कळवलेली कमाई आयकर खात्याच्या वार्षिक आकड्याशी ताडून बघायला सुरुवात केली, आणि लवकरच मधला माणूस काढून टाकला. यंत्र काय करायचं? वर्षाची कमाई घ्यायची आणि २६ पंधरवड्यांत सारखी वाटायची. समजा एखाद्या पोरीला सहा महिने नोकरी होती, १३ पंधरवडे दोन-दोन हजार डॉलर मिळाले. पुढचे सहा महिने ती बेकार होती, तेव्हा तिने प्रामाणिकपणे शून्य कळवलं आणि भत्ता घेतला. वर्षाचे झाले २६ हजार. यंत्राने भागाकार केला: दर पंधरवड्याला एक हजार. म्हणजे बेकारीच्या तेराही पंधरवड्यांत हिने हजार कमावले आणि लपवले. पाठवा वसुलीची नोटीस. आणि हे खोटं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तिची: पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या स्लिपा शोधा, बंद पडलेल्या हॉटेलच्या मालकाला गाठा.

‘रोबोडेट’ नावाने बदनाम झालेला हा प्रकार चार वर्षं चालला. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात सरकारला मान्य करावं लागलं की नुसत्या सरासरीवर केलेली ही वसुली कायद्याला धरून नव्हती. पुढे सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या मागे घ्याव्या लागल्या. क्वीन्सलँड राज्याच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स यांच्या शाही आयोगाने जुलै २०२३ च्या अहवालात या यंत्रणेला ओबडधोबड आणि क्रूर म्हटलं. ती न्याय्यही नव्हती, कायदेशीरही नव्हती. त्या भागाकारात कृत्रिम बुद्धिमत्ता वगैरे काही नव्हतं, हे लक्षात घ्या. चौथीतलं गणित होतं. आज जो तो ‘एआय’च्या नावाने घाबरतो किंवा नाचतो, माणसं बरबाद व्हायला साधा भागाकारही पुरतो, फक्त त्याच्यापुढे बोलायची सोय बंद करायची.

इंग्लंडच्या पोस्टाचं प्रकरण तर त्याहून वाईट. १९९९ पासून पोस्टात होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली, तिच्यात खोटी तूट दिसायची, आणि ती तूट पोस्ट चालवणाऱ्या माणसांनी चोरली असं धरून नऊशेहून अधिक जणांना गुन्हेगार ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले. तिथल्या कायद्यात तेव्हापासून गृहीतकच असं होतं की उलट दाखवलं जात नाही तोवर संगणक बरोबर चालतोय. आता खेड्यातल्या पोस्टमास्तरने फुजित्सू कंपनीने बनवलेल्या यंत्रातली चूक दाखवायची कशी? २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचं सांगितलं, आणि सरसकट शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

आपल्याकडे याच वाटेवर किती यंत्रणा उभ्या आहेत बघा. लाडकी बहीण योजनेत आधी पैसे वाटले, मग इतर खात्यांच्या याद्यांशी नावं ताडून छाटणी सुरू झाली. अपात्र नावं काढायलाच हवीत, त्यात वाद नाही. पण कित्येकींना आपण वगळलो गेलो हे हप्ता आला नाही तेव्हा समजलं. आणि ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, किंवा ज्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्यात, त्यांनी काय भरायचं? हा प्रश्न रकाना तयार होऊन लाखो बायका मोबाइल घेऊन बसल्यावर पुढे आला. मग मुदतवाढ, मग अंगणवाडी सेविकेकडे कागद द्या. अंगणवाडी सेविका हे आपल्या राज्यातलं सर्वांत स्वस्त अपील न्यायालय झालंय.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला रिस्कवाल्यांचा: कारणं सांगितली की ठग ती वापरतात. यात तथ्य आहे. खोटी कागदपत्रं कशावरून पकडली, हे कोणी फोडून सांगू नये. पण त्या आडोशाने बाकीच्या सगळ्या नकारांवर पडदा टाकायचा, हा आळस आहे. नाव जुळलं नाही, क्रेडिट रिपोर्टमध्ये (आधीच्या कर्जांच्या फेडीची नोंद) जुनं खातं थकीत दिसतंय, चालू हप्ते उत्पन्नाच्या मानाने जास्त आहेत: ही कारणं ऐकून कोणता ठग श्रीमंत होणार आहे? ‘तुमच्या रिपोर्टमध्ये मार्च २०२१ पासून ४,८०० रुपये थकीत दिसतात. भरले असतील तर पावती इथे जोडा, सात दिवसांत आमचा अधिकारी पाहील’ एवढं लिहायला रॉकेट लागत नाही. क्रेडिट रिपोर्टमधली चूक दुरुस्त करायला तीस दिवसांची मुदत आहे, आणि रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमाने त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई. पण आपल्याला नकार नेमक्या कुठल्या नोंदीमुळे मिळाला हेच ज्याला माहीत नाही, तो त्या दारापर्यंत पोचणार कसा?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो मी झटकून टाकत नाही. लोक म्हणतात, बाई, यंत्र तरी बरं. पूर्वी बँकेच्या मॅनेजरपुढे ओळखीशिवाय उभं राहता येत नव्हतं. तलाठ्याकडे, सोसायटीच्या सचिवाकडे कोणाचं काम आधी व्हायचं हे गावाला माहीत असायचं. खरं आहे. ज्यांच्या घरात कोणी कधी बँकेची पायरी चढलं नव्हतं अशांना यंत्राने कर्ज दिलं, कारण यंत्राने विचारलं नाही की तुम्ही कुठल्या आळीतले. मला तो जुना जमाना परत नको आहे. पण त्या मॅनेजरकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता यायचं, भांडता यायचं, वरच्या साहेबांकडे अर्ज करता यायचा, फारच झालं तर पेपरात नावानिशी बातमी यायची. पक्षपाती होता, पण समोर होता. यंत्राने पक्षपात कमी केला असेल. मात्र त्याबरोबर ते समोर असणंही गेलं, आणि ते जायचं काही तांत्रिक कारण नव्हतं. २०१९ च्या कर्जमुक्तीने यंत्रही ठेवलं आणि जिल्हाधिकाऱ्यांची समितीही ठेवली.

मग हे होत का नाही? कारण आमच्यासारख्यांच्या बढत्या दुसऱ्याच गोष्टींवर होतात. प्रॉडक्ट लीडरच्या बायोडेटात काय असतं ते मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून वाचलंय: निर्णयाचा वेळ दोन दिवसांवरून दोन मिनिटांवर आणला, मॅन्युअल रिव्ह्यू (माणसाने केलेली तपासणी) निम्म्यावर आणला, अप्रूव्हल रेट (मंजुरीचं प्रमाण) वाढवून थकबाकी वाढू दिली नाही. सगळं मोजता येण्यासारखं, सगळं कौतुकाचं. ‘मॅन्युअल रिव्ह्यू कमी केला’ हे तर हमखास असतं. म्हणजे समोर बसलेला माणूस काढून टाकला, हीच कामगिरी. चुकीचे नकार किती होते आणि त्यातले किती उलटवले, हे मी कोणाच्या बायोडेटात अजून पाहिलेलं नाही. ते कोणी विचारतच नाही. आणि नाकारलेला माणूस तर आकडेवारीतूनच गळतो. ज्याला कर्ज दिलं त्याने फेडलं की बुडवलं हे तीन वर्षांनी का होईना कळतं. ज्याला दिलंच नाही तो फेडणारा होता की नव्हता, हे कधीच कळत नाही. त्यामुळे चुकीचा होकार तोटा म्हणून ताळेबंदात दिसतो, चुकीचा नकार कुठेच दिसत नाही. अशा ठिकाणी बरी माणसंही हळूहळू नकाराच्या बाजूला झुकतात.

म्हणून मुलाखत घेताना मी हल्ली बांधकामाबद्दल कमी विचारते. विचारते की तुमच्या यंत्रणेने नाकारलेला माणूस तक्रार घेऊन आला, तर पहिल्या तासात त्याचं काय होतं, फोन कोण उचलतं, त्या व्यक्तीच्या पडद्यावर काय दिसतं आणि तिला काय बदलता येतं. बहुतेक जण कॉल सेंटरचं नाव घेतात. पुढे विचारलं की कॉल सेंटरच्या मुलीला कारण दिसतं का, तर शांतता. तिच्याही पडद्यावर तेच वाक्य असतं, ‘अंतर्गत निकषांत बसत नाही’, आणि ती ते दिवसभर वाचून दाखवते, शिव्या खाते.

तिच्या पडद्यावर खरं कारण आणणं हे दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. नियम ज्या क्षणी अर्ज अडवतो त्या क्षणी कुठल्या नियमाने, कुठल्या माहितीवरून आणि ती माहिती कोणत्या तारखेची, हे यंत्राला माहीतच असतं. फक्त ते लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या नोंदींत, पडून राहतं. ते बाहेर काढायचं, मराठीत लिहायचं, आणि एका हुद्द्याला निकाल फिरवायचा अधिकार लेखी द्यायचा. खर्च या शेवटच्या भागाचा आहे, कारण तो अधिकारी पगार घेतो आणि दर महिन्याला काही नकार उलटवून रिस्कवाल्यांची झोप उडवतो. वार्षिक आढाव्यात त्याने उलटवलेल्या नकारांचा आकडा प्रॉडक्ट लीडरच्या नावासमोर मांडला जावा, आणि तो शून्य असेल तर बढती थांबवून आधी हे तपासावं की तक्रार करायचं बटण त्या ॲपमध्ये नेमकं कितव्या पानावर ठेवलंय.